साग की शिसव, हा प्रश्न नंतरचा: टेबलाच्या लाकडाबद्दल

प्रश्न भुसावळच्या एका भाऊंचा आहे. ते दोन टेबलांचा हॉल काढताहेत, एक 12 फुटी स्नूकरचं आणि एक 9 फुटी पूलचं. एका विक्रेत्याने ‘फुल सॉलिड वुड, शिसव’ म्हणून जवळजवळ दुप्पट भाव सांगितला. दुसरा म्हणतो, खाली लोखंडी सांगाडा आहे, बाकी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, कापडाखालची दगडी स्लेट दोन्हीकडे सारखीच, मग खेळात फरक कसला? भाऊंचं म्हणणं असं, की चेंडू पळतो दगडावर, तर लाकडाचे एवढे पैसे कशाला मोजायचे?

भाऊ, लाकडासाठी जास्त पैसे मोजावेत असंच माझं मत आहे. पण ‘सॉलिड’ या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. कच्च्या, ओल्या शिसवीचं टेबल घेण्यापेक्षा चांगल्या प्लायचं आणि लोखंडी सांगाड्याचं टेबल परवडलं. भर लाकडाचं टेबल दोन पिढ्या चालतं, पण ते लाकूड वाळवलेलं कसं, चिरलेलं कसं आणि सांधलेलं कसं यावर ते ठरतं. जात कोणती, हे त्यानंतर.

मी धुळ्याचा. आमचं घराणं सुतारांचं, वडील बैलगाड्या करायचे. मी टेबलांच्या कामात 26 वर्षांपूर्वी आलो, तरी लाकूड शिकलो ते गाडीच्या चाकावर. चैत्र-वैशाखात गाडीचं चाक ढिलं पडायचं. आरे तुंब्यात, म्हणजे मधल्या गोळ्यात, खुळखुळायचे, घेराच्या पाट्यांमध्ये फटी दिसायच्या आणि वरची लोखंडी धाव निघायला बघायची. मग गाडीवाले चाकं नदीत नाहीतर डोहात भिजत घालायचे, लाकूड फुगलं की सगळं पुन्हा घट्ट. पावसाळ्यात तेच चाक इतकं आवळायचं की कुरकुरायचं. आपल्याकडचं ऊन आणि आपल्याकडचा पाऊस लाकडाला कसा हलवतो, ते मी तिथे पाहिलं. टेबलालाही हाच न्याय लागतो. फरक इतकाच की टेबल नदीत नेता येत नाही.

माझ्याकडे ओलावा मोजायचं छोटं मीटर आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे बंद हॉलमधल्या लाकडात ते 6-7 टक्के दाखवतं आणि श्रावणात त्याच लाकडात 14-15. म्हणजे दरवर्षी आठेक टक्क्यांचा हेलकावा. मुंबईत हवा बाराही महिने दमट, म्हणून तिथे हा हेलकावा बराच कमी. तिथे उत्तम चाललेलं टेबल आपल्याकडे पहिल्याच उन्हाळ्यात तोंड उघडतं ते याचमुळे. दोष दरवेळी कारागिराचा नसतो.

आता हे आठ टक्के खेळात कुठे दिसतात ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. पाय कितीही फुगला तरी टेबल त्याने उंच होत नाही. लाकूड हलतं ते रुंदीत आणि जाडीत. तिथेही फळी ओंडक्यातून कशी काढली यावर सगळं आहे. फळीच्या टोकाकडून पाहा. वर्षवलयं तिथे उभी दिसली तर फळी कमी हलते, आडवी पसरलेली दिसली तर जास्त. ज्या फळीच्या तोंडावर डोंगरासारखी सुंदर नक्षी असते, ती बहुतेक दुसऱ्या प्रकारची. ओलावा आठ टक्क्यांनी बदलला की सागाची अशी नक्षीदार फळी रुंदीत साधारण दीड टक्का हलते. उभ्या वलयांची फळी त्याच्या साधारण निम्मीच. साग हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी मानलं जातं, तरी हे आकडे सागाचे आहेत.

हेच गणित कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी बांधाला, लावू. पूलचा चेंडू 57.15 मिलिमीटरचा. कुशनचं नाक, म्हणजे चेंडूला टेकणारी रबराची धार, स्लेटपासून चेंडूच्या उंचीच्या 63.5 टक्क्यांवर हवी, म्हणजे 36 मिलिमीटरच्या थोडी वर. नियमात सूट आहे एक टक्का वर, एक टक्का खाली, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. रबराच्या मागची लाकडी पट्टी समजा 40 मिलिमीटर उंच आहे. ती नक्षीदार फळीतून काढली असेल, तर श्रावणातली आणि वैशाखातली तिची उंची यांत अर्धा-पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. बसवताना माप अगदी काटेकोर असलं तरी सगळी सूट हवेनेच खाल्ली. नाक खाली गेलं तर जोरात आलेला चेंडू उडी घेतो. नाक वर गेलं तर चेंडू कापडावर दाबला जातो आणि मेल्यासारखा परततो. खेळणारा रबराला दोष देतो, मालक रबर बदलतो, दोष तिथेच राहतो. अशी बदललेली निर्दोष रबरं मी कितीतरी पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे.

म्हणून कुशनच्या पट्टीला घट्ट, जड आणि उभ्या वलयांचं लाकूड लागतं. इथे शिसव खरंच सागापेक्षा बरी. ती जड आहे, बोल्ट घट्ट धरते आणि चेंडूचा मार बसला की स्वतः थरथरत नाही, चेंडूला परत पाठवते. मऊ पट्टी मार पिऊन टाकते. सागाची पट्टी असेल तर एक गोष्ट सांभाळावी लागते: सागाच्या अंगात तेल असतं, रबराचा गोंद त्यावर नीट धरत नाही. रंधा मारल्यावर त्याच दिवशी, पृष्ठभाग थिनरने पुसून रबर चिकटवलं तरच ते टिकतं. रंधून आठवडाभर ठेवलेल्या सागावर चिकटवलेलं रबर वर्षा-दोन वर्षांत कुठेतरी सुटतं आणि मग एकाच जागी चेंडू ‘थप्’ असा आवाज करतो. स्नूकरच्या चांगल्या टेबलांत रबराच्या मागे पोलादी पट्टी असते. तिथे लाकडाची जबाबदारी हलकी होते, पण बोल्ट शेवटी लाकडातूनच जातात.

आता सांगाडा. 12 फुटी टेबलाची स्लेट पाच तुकड्यांत येते. 45 मिलिमीटर जाडी धरून हिशोब केला तर नुसत्या दगडाचं वजन साडेआठशे किलोच्या घरात जातं. बाकीचं धरून टेबल टनाच्या पुढे. हा भार आठ पायांवर आणि त्यांना जोडणाऱ्या तुळयांवर बसतो. तुळई आठ इंच उंचीची असेल, तर आडव्या वलयांच्या लाकडात ती पावसाळा-उन्हाळ्यात तीन मिलिमीटर वर-खाली होऊ शकते. सगळ्या तुळया एकाच जातीच्या, एकाच तऱ्हेने चिरलेल्या आणि सारख्या वाळलेल्या असतील, तर टेबल सगळीकडून सारखं वर येतं, सारखं खाली जातं, खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण बाहेरच्या दिसणाऱ्या चार तुळया सागाच्या आणि आतल्या न दिसणाऱ्या बाभळीच्या किंवा आंब्याच्या, असं केलं तर एक भाग जास्त उचलतो. मग स्लेटच्या सांध्यावर पायरी पडते. 9 फुटी टेबलाच्या नियमात सपाटपणात रुंदीकडे फरक चालतो तो पाव मिलिमीटर, लांबीकडे अर्धा. तीन मिलिमीटरच्या खेळात पाव मिलिमीटर राखायचा, तर लाकूड एकजिनसी हवं. ‘सॉलिड वुड’ म्हणून विकलेल्या टेबलाच्या पोटात मी तीन-तीन जातींची लाकडं पाहिली आहेत. प्रत्येक तुकडा भर लाकडाचाच होता, त्यामुळे विक्रेता खोटं बोलला असंही म्हणता येईना.

ही अडचण आजची नाही. पूर्वी टेबलाचा वरचा पाटसुद्धा लाकडाचाच असायचा. लंडनचा जॉन थर्स्टन, मूळचा फर्निचर करणारा, त्याने 1826 च्या सुमारास लाकडी पाट सोडून स्लेट आणली, आणि 1845 मध्ये गंधक घालून पक्क्या केलेल्या रबराच्या कुशनचं पेटंट घेतलं. लाकडात मुरलेल्या माणसाने पाटाचं काम लाकडाकडून काढून दगडाकडे दिलं. सपाट राहणं हे लाकडाचं काम नाही, हे त्याला कळलं होतं. लाकडाचं काम भार पेलणं, दगडाला घट्ट धरणं आणि कुशनला मागून आधार देणं. स्नूकरचा जन्म 1875 साली जबलपूरला झाला असं मानतात. 1870 पासून भुसावळहून थेट रेल्वेने जोडलेलं ते गाव. तिथेही ऊन-पावसाचा तमाशा आपल्यासारखाच, आणि हा खेळ तिथे तगला तो स्लेटच्या टेबलांवर.

सांध्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण कारागिरी म्हणतात ती इथे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका जुन्या क्लबमधलं टेबल दुरुस्तीला उघडलं. सागाचे आठ पाय, तुळयांच्या टोकांना कुसू, म्हणजे भोकात बसणाऱ्या जिभा, काढलेले, पायांत भोकं, आणि कुसू भोकात असे बसलेले की पोस्टकार्ड शिरणार नाही. सरस, म्हणजे सुताराचा गोंद, कुठेच नव्हता. सगळं बोल्टांवर आवळलेलं, बोल्टांच्या माथ्यावर लाकडी टोप्या. मी बोल्ट अर्धा-अर्धा फेरा आवळले, पाणसळ (सपाटी पाहायची बुडबुड्याची पट्टी) लावून पायाखालच्या चकत्या बदलल्या, आणि टेबल पुन्हा उभं राहिलं. करणाऱ्याला ठाऊक होतं की लाकूड हलणार, म्हणून त्याने हलायला वाट ठेवली आणि आवळायला सोय ठेवली. त्याच वर्षी दुसऱ्या एका गावात दीड वर्षाचं नवंकोरं टेबल पाहिलं. तुळया पायांना नुसत्या टेकवून आतून एल-पट्ट्या आणि स्क्रू. लाकूड उत्तम दिसत होतं, पण पावसाळ्यात फुगताना स्क्रूभोवतीच्या रेषा दबल्या, उन्हाळ्यात लाकूड आटलं आणि भोकं मोठी झाली. स्क्रू बोटाने फिरत होते. कोपऱ्यावर हात टेकला की टेबल डोलायचं. तिथे मालकाला काय सांगावं हे मला सुचेना. त्याने मुलीच्या लग्नाला ठेवलेले पैसे त्या हॉलमध्ये घातले होते.

एमडीएफचं दुखणं हेच, फक्त लवकर येतं. त्याला रेषा नसतात, म्हणून ते लाकडासारखं पिळत नाही हे खरं. पण स्क्रू एकदा निघाला की पुन्हा धरत नाही, आणि कडेला पाणी लागलं तर ते फुगतं ते कायमचं. कापड बदलताना स्लेटखालच्या लाकडी पट्टीत स्टेपल किंवा छोटे खिळे मारतात. तिथे एमडीएफ असेल तर तिसऱ्या कापडाला पट्टी भुसा होऊन हातात येते. त्या जागी भर लाकूड किंवा चांगलं वॉटरप्रूफ प्लाय मागून घ्या, बाकी कुठे तडजोड केली तरी चालेल. बाहेरची दर्शनी पट्टी प्लायवर शिसवीचं विनियर, म्हणजे पातळ पापुद्रा, लावलेली असेल, तर त्यात काही कमीपणा नाही. प्लाय तिथे भर लाकडापेक्षाही शांत बसतं.

लोखंडी सांगाड्यालाही मी नाव ठेवत नाही. जाड पाइपचा, नीट वेल्डिंग केलेला सांगाडा ऋतूप्रमाणे हलत नाही. पातळ पाइपचा मात्र मधोमध झुकतो, आणि झुकलेलं लोखंड रंधून सरळ करता येत नाही. शिवाय कुशनच्या पट्ट्या शेवटी लाकडाच्याच असणार. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एवढाच: कुशनची पट्टी आणि स्लेटखालची पट्टी कशाची आहे? तो दोन्हीला एमडीएफ म्हणाला तर नमस्कार करून निघा.

आता लाकूड कोणतं आणि कुठून. आपल्याकडे साग आहे हे भाग्य. तळोदा, धडगाव, यावल या पट्ट्यात सातपुड्याचा साग, आणि नवापूरच्या शेजारी गुजरातमधल्या डांगचा. सांगाड्याला सागासारखं लाकूड नाही. वाळवी त्याला सहज लागत नाही आणि तो पीळ धरत नाही. फक्त गाभ्याचं लाकूड घ्या, कडेचा पांढरट भाग कीड खाते. लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का आणि सोबत वाहतुकीचा पास असलाच पाहिजे. स्वस्तात मिळणाऱ्या बिनपासाच्या सागामागे लागू नका. बाभूळ चाकाच्या तुंब्याला उत्तम, टेबलाला नको. ती पिळते आणि तिला भुंगा लागतो. अंजन लोखंडासारखं जड आणि कणखर, पण हत्यारांची धार घालवतं, आणि तुळईच्या मापाचं, बिनचिरेचं अंजन मला तरी क्वचितच मिळालं.

माझ्या मते सगळ्यात चांगलं लाकूड मिळतं ते पाडलेल्या वाड्यांतून. पारोळा, धरणगाव, चोपडा, अमळनेर या गावांतल्या धाब्याच्या घरांच्या तुळया आणि खांब, साठ-साठ, ऐंशी-ऐंशी उन्हाळे पाहिलेले. ते लाकूड वाळवायचं राहिलेलं नसतं. पण तेही चिरल्या चिरल्या वापरू नये. आतला ताण मोकळा झाला की फळी वाक घेते. मी मापापेक्षा जाड चिरून, मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत महिनाभर रचून ठेवतो, मग शेवटचा रंधा मारतो. खिळे शोधायला चुंबक फिरवतो. नव्या लाकडाला इंचाला एक वर्ष, हा जुन्या सुतारांचा हिशोब. भट्टीत वाळवलेलं लाकूड काही आठवड्यांत तयार होतं आणि चांगलं असतं, पण भट्टीतून निघालेलं लाकूड आपल्या हवेत पुन्हा मुरू द्यावं लागतं. आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात कच्चं लाकूड उघड्यावर वाळवणं म्हणजे ते फोडणं. टोकांकडून ओल आधी निघते, तिथून चिरा पडतात. म्हणून टोकांना रंग किंवा मेण लावतात, वडील शेण लिंपायचे. घाईतल्या गिऱ्हाइकाला ते एवढंच म्हणायचे, “लाकूडले घाई चालत नही, भाऊ.”

पॉलिशबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात. टेबल घ्यायला जाल तेव्हा खाली वाकून तुळयांची आतली बाजू बघा. बाहेरून आरशासारखं पॉलिश आणि आतून कोरं लाकूड असेल, तर आतली बाजू ओल घेते-सोडते, बाहेरची अडवते, आणि फळी पन्हाळीसारखी वाकते. आतून एक हात साधं सीलर मारलं तरी पुरतं. खर्च किरकोळ, पण तो न करणारा कारागीर बाकीच्या न दिसणाऱ्या जागांतही तसाच वागला असेल, असं मी धरून चालतो.

खाली वाकलातच तर आणखी काही पाहून घ्या. तुळयांच्या टोकांची वलयं पाहा, आत वेगळ्या रंगाचं लाकूड दिसतं का ते पाहा. बोल्ट आहेत की स्क्रू, आणि बोल्टाच्या माथ्याखाली रुंद वॉशर आहे का? मीटर नेता आलं तर न्या, ते फार महाग नसतं. 12 टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर आपल्या हॉलसाठी ते टेबल कच्चं समजा. मग वर येऊन कुशनच्या पट्टीवर मुठीने हलके ठोके देत पूर्ण फेरी मारा. आवाज सगळीकडे सारखा भरीव यायला हवा. जिथे पोकळ किंवा खरखरता आला, तिथे पट्टी सुटलेली किंवा बोल्ट ढिला. शेवटी चेंडू अगदी हळू, मरतमरत थांबेल असा सोडा, चारही दिशांनी. जोरात मारलेला चेंडू टेबलाचे दोष लपवतो.

तुमच्या हॉलबद्दल मला लाकडापेक्षा जास्त काळजी दोन गोष्टींची आहे. पहिली जमीन. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर नुसती फरशी टाकलेली असेल तर फरशीही तिच्याबरोबर हलते. टनाच्या वरचं टेबल आठ पायांवर उभं राहणार. काळी माती काढून मुरूम भरलाय का, खाली काँक्रीट आहे का, हे बांधणाऱ्याला विचारा. नसेल तर निदान पायांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे खाली घ्या. लाकडावर खापर फुटलेली निम्मी टेबलं मी जमिनीमुळे बिघडलेली पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट कूलर. आपल्याकडे एप्रिल-मे कूलरशिवाय निघत नाहीत. पण कूलर टेबलाच्या एका टोकाला तोंड करून लावला, की त्या टोकाचं लाकूड पावसाळ्यात आणि दुसऱ्या टोकाचं वैशाखात राहतं. कापडही त्या बाजूला जड होऊन चेंडू मंदावतो. मोठ्या स्पर्धांत स्नूकरच्या टेबलाखाली कापड कोरडं राहावं म्हणून हीटर लावलेले असतात, यावरून ओलीची किंमत लक्षात घ्या. एसी परवडत नसेल तर कूलर भिंतीकडे वळवा, हवा खोलीत फिरू द्या, थेट टेबलावर नको.

बसवण्याची वेळही तुमच्या हातात आहे. मेमध्ये बसवू नका, श्रावणातही नको. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत लाकूड आपल्या दोन टोकांच्या मधोमध असतं, तेव्हा बसवलेलं टेबल दोन्हीकडे थोडंथोडंच हलतं. लाकडी भाग बसवण्याआधी दोन-तीन आठवडे त्याच हॉलमध्ये, जमिनीपासून वर, उघडे ठेवा. स्नूकरच्या टेबलाची उंची जमिनीपासून कुशनच्या माथ्यापर्यंत 2 फूट साडेनऊ इंच ते 2 फूट साडेदहा इंच हवी. पायाखाली चकत्या घालायला जागा ठेवून मधलं माप धरा. पहिल्या वर्षी मृगानंतर एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा पाणसळ लावून बोल्ट तपासायचे, हे विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्या. दुप्पट भाव सांगणारा त्याला तयार झाला आणि तुळयांची टोकं दाखवायला लाजला नाही, तर स्नूकरचं टेबल त्याच्याकडून घ्या. पूलचं दुसऱ्याकडून चालेल, पट्ट्या बदलून देत असेल तर.